दोन ठिकाणचा पिवळा धूर

मित्रांनो, मी एक जुना, कळकट पट्टा आहे. हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात उभा राहणारा माणूस खाली पडू नये, म्हणून मला त्याच्या कमरेला बांधत. कारखान्यातून निघालो तो थेट फिलिपीन्समधल्या मिंदानाव बेटावरच्या लढाईत, सार्जंट हर्मोजेनेस पालाकपाक यांच्या वाट्याला आलो.

पालाकपाक भारी संशयी. भात आणि सुकी मासळी खायच्या आधीसुद्धा डबा हुंगायचे.

"अहो, बायकोनं दिलाय, शत्रूनं नाही!" सोबती चिडवायचे.

"म्हणूनच हुंगतो."

त्यांच्या संगतीत मीही तसाच झालो.

एका दुपारी दलदलीत अडकलेल्या तुकडीतून तुबाल नावाचा शिपाई रेडिओवर बोलला. "आम्ही चौघंही जखमी आहोत. पिवळा धूर सोडतोय, तिथं उतरा."

पोहोचलो, तर पिवळा धूर दोन ठिकाणी! एक मोकळ्या माळावर, दुसरा पाणथळीतल्या गवतात. आमचे वैमानिक कॅप्टन बिल्यासेरान माळाकडे वळू लागले.

"थांबा सर," पालाकपाक ओरडले. "उतरायला इतकी छान जागा मला आवडत नाही. आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय. त्यांना म्हणावं, दुसरा धूर सोडा, पण रंग सांगू नका."

कॅप्टननी तसं कळवलं. पाणथळीतून जांभळा धूर निघाला. माळावरून पुन्हा पिवळाच.

"जांभळा दिसतोय," कॅप्टन म्हणाले.

"तो आमचाच!" तुबाल रडकुंडीला आला होता. "आता येताय, की अजून परीक्षा घेताय?"

आम्ही पाणथळीत उतरलो, तसा माळावरून गोळीबार सुरू झाला. पालाकपाक यांनी मला कमरेवरून सोडलं आणि चिखलात उडी मारली. पळून तर जात नाहीत ना, असा हलका विचार माझ्या मनात आला. पण ते एकेकाला पाठीवर घेऊन परत येत होते. तिसऱ्या खेपेला त्यांच्या दंडात गोळी घुसली. तरी ते चौथ्यासाठी गेले.

तो तुबाल होता. आत जागा उरली नव्हती. त्यांनी त्याला दाराशी निजवलं आणि मला त्याच्या छातीवरून आवळलं.

"दादा, तुमचं काय?"

"माझा सदरा धर. सोडलास तर बघ!"

ते दाराच्या काठावर बसले, पाय बाहेर, आणि हेलिकॉप्टर उडालं. रक्तानं निसरड्या झालेल्या तुबालच्या मुठीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वीस मिनिटं मी त्या मुठीकडेच बघत होतो. ती सुटली नाही. तळावर डॉक्टरांना त्याची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

चौघंही जगले. पालाकपाक यांना पदक मिळालं. ते त्यांनी आधी चावून पाहिलं.

आता मी गोदामात खिळ्यावर टांगलेला असतो. परवा कुणीतरी म्हणालं, "चांगला आहे की अजून, वापरू या."

मित्रांनो, तसं करू नका. उन्हानं आणि तेलानं माझी शिवण आतून विरली आहे, वरून ते दिसत नाही. माझं कौतुक खुशाल करा, पण मला खिळ्यावरच राहू द्या. दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला नवा पट्टा द्या.