तीन दिवसांची वही

टण्.

स्टीलच्या डब्यात चिंचोका पडला आणि दुपारची शांतता मोडली. वर्षालीनं ताट पुसता पुसता मान वळवली. फरशीवर पाय पसरून बसलेली निशी डब्याचं झाकण लावत होती. बाथरूमच्या बंद दाराकडे बघत तिनं आईला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"काय चाललंय गं?"

"आजोबा आत गेले की एक टाकायचा," निशी कुजबुजली. "त्यांना सांगू नको हं. खेळ आहे माझा."

"सकाळपासून?"

निशीनं डबा उपडा केला, एकेकावर बोट ठेवून मोजलं. पाच वर्षांची झाल्यापासून तिला वीसपर्यंत न चुकता येत होतं.

"नऊ."

वर्षालीचं फडकं ताटावरच थांबलं. जेवणाच्या टेबलावर सासऱ्यांची वही उघडी होती. शनिवारच्या पानावर सकाळपासून चार नोंदी होत्या.

ती वही दवाखान्याची. वाढलेल्या प्रोस्टेटवर लेझरची शस्त्रक्रिया बरी की जुन्या पद्धतीची, याचा तिथं अभ्यास चालला होता आणि उद्धवरावांचं नाव त्यासाठी विचारात होतं. तीन दिवस दर वेळी लघवी मापून लिहायची, वेळेसकट. "काका, या वहीवर बरंच ठरणार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "लघवीची पिशवी पुरती रिकामी होत नाहीये. त्रास वाढतोय असं दिसलं तर ऑपरेशनला थांबायचं नाही, किडनीवर येईल. नसेल वाढत, तर गोळ्यांवर राहू." आज तिसरा दिवस होता. सोमवारी वही द्यायची होती.

वर्षालीनं मागची पानं चाळली. २५०, २४०, २५०, २६०. तीन दिवस तेच. तळवड्याच्या ऑफिसात गेले चार महिने ती हेच काम करत होती, कुठकुठल्या दवाखान्यांचे असे फॉर्म स्क्रीनवर तपासायचे. खऱ्या माणसांचे आकडे असे नसतात. ऐंशी, मग तीनशे दहा, मग चाळीस. मध्येच कुणी चहाचा डाग पाडलेला, कुणी एक ओळ विसरलेला. हे आकडे एका साच्यातून काढल्यासारखे होते, काही त्रासच नसलेल्या माणसाचे.

आणि लिहिणारे उद्धवराव होते, याचंच तिला नवल वाटत होतं. भोसरीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी इन्स्पेक्शन केलं. केसाएवढा फरक निघाला तरी पीस बाजूला. एकदा मालक स्वतः शेजारी येऊन उभा राहिला, तरी त्यांनी सही केली नव्हती. ही गोष्ट नवऱ्यानं, प्रज्वलनं, लग्नाआधीच तिला दोनदा ऐकवली होती. परवा दवाखान्यातून मापाचा जग आला, तेव्हाही त्यांनी आधी अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीनं पाणी ओतून जगच तपासला होता. "दहा मिली जास्त दाखवतोय राव हा," म्हणत खूश झाले होते.

कडी वाजली. उद्धवराव हात पुसत बाहेर आले. वर्षाली त्यांच्या मागून आत गेली. खिळ्याला अडकवलेल्या जगात बोट फिरवून ती बाहेर आली.

"बाबा, आत्ताची नोंद राहिली."

"लिहितो की." त्यांनी चष्मा चढवला, पेन्सिल घेतली. "अडीचशे."

"जग कोरडा आहे."

पेन्सिल कागदावर टेकली, पण हलली नाही. मग ते हसले. "घरातच इन्स्पेक्टर नेमला म्हणायचा!"

"दोन नेमलेत. निशीच्या डब्यात नऊ चिंचोके आहेत."

"आई!" निशी ओरडली. "तू सांगितलंस!"

"ही तर माझ्या साहेबापेक्षा बेकार निघाली," उद्धवराव म्हणाले. पण नातीकडे त्यांनी पाहिलं नाही.

वर्षाली समोरच्या खुर्चीवर बसली. "ऑपरेशनची भीती वाटते का?"

"भीती कसली? पत्र्यानं हात फाटला तेव्हा सात टाके भूल न घेता घालून घेतलेत."

"मग कशासाठी?"

"घाई काय आहे? पुढच्या उन्हाळ्यात बघू."

"किडनी थांबेल उन्हाळ्यापर्यंत?"

त्यांनी पेन्सिल वहीच्या कडेला अगदी समांतर ठेवली. ती जराशी कलली, तशी पुन्हा सरळ केली.

वर्षालीनं निशीच्या दप्तरातला लाल खडू काढला आणि तिन्ही पानांवर एकेक तिरकी रेघ मारली. कारखान्यात खराब पिसावर ते मारत तशी.

"सोमवारी बाईंना खरं सांगू. नवी वही मागून घेऊ. पुन्हा तीन दिवस. ऐंशी तर ऐंशी, चाळीस तर चाळीस."

"आणि ऑपरेशन म्हणाल्या तर?"

"तर ऑपरेशन. चार-पाच दिवस दवाखाना, मग महिना-दीड महिना स्कूटर नाही, वजन उचलायचं नाही. मी विचारून घेतलंय सगळं." बोलताना तिला हलकं वाटत होतं. कोडं सुटलं नव्हतं, पण निदान आकडे आता खरे येणार होते.

उद्धवरावांनी वही मिटली. "बरं," ते म्हणाले. उठून त्यांनी जग पुन्हा एकदा धुतला आणि खिळ्याला लावला. परत येताना फ्रीजवरच्या कॅलेंडरपाशी क्षणभर थांबले. दोन महिन्यांनंतरच्या एका तारखेला त्यांनीच गोल केला होता आणि शेजारी आपल्या नीटस अक्षरात लिहिलं होतं : वर्षाली कायम. नोकरी पक्की होईतोवर तिला रजा नव्हती. प्रज्वल चाकणहून चारच्या आधी सुटत नव्हता.

वर्षालीचीही नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली. दाराजवळच्या खिळ्याला स्कूटरची किल्ली होती, तिच्या शेजारी निशीचं छोटं हेल्मेट.

निशी फरशीवरचे चिंचोके गोळा करत होती. नववा डब्यात टाकून तिनं वर पाहिलं.

"आई, आजोबा दवाखान्यात गेले की साडेबाराला मला शाळेतून कोण आणणार?"