चौकशीआधीचा निकाल

रुग्णालयात सगळे तिला तपासणीबाई म्हणत. कुठे काय चुकू शकतं हे आधीच हेरायचं, हीच तिची नोकरी. त्या सकाळी वॉर्डातलं औषधांचं कपाट उघडताच तिच्या कपाळाला आठी पडली. शिरेतली सुई तुंबू नये म्हणून सोडायचं साधं सलाईन आणि थेट शिरेत गेलं तर हृदयच बंद पाडणारं पोटॅशियम. दोन्हींच्या कुप्या सारख्याच, झाकणं निळीच, आणि खणही एकच. वेगळं कपाट द्या म्हणून तिने दोनदा लिहून दिलं होतं. "बघू," एवढंच उत्तर आलं होतं.

दुपारी व्हायचं तेच झालं. एकवीस रुग्णांमागे एकटी धावणाऱ्या सिस्टरच्या हाती चुकीची कुपी आली. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला, उद्या घरी जायचा शिंपी बघता बघता गेला.

तासाभरात मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. ते तिचे थोरले दीर. ही नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळालेली. टेबलावर अहवाल टाइप होऊन तयार होता : सिस्टरचा निष्काळजीपणा, सेवेतून कमी. शिंप्याच्या घरच्यांना मात्र सांगायचं, हृदयविकाराचा झटका आला.

"चौकशी कधी झाली, भाऊजी?"

"कसली चौकशी? सही कर नि मोकळी हो."

"कपाटाबद्दल यात एक ओळ नाही."

"ती ओळ आली तर आपलं नाव जाईल. कुणाच्या तरी माथी मारावंच लागतं, आजवर असंच चालत आलंय. आणि तू घरचं माणूस ना?"

अशा दोन अहवालांवर तिने याआधी मुकाट सही केली होती. दोन सिस्टर घरी बसल्या. कपाट होतं तसंच राहिलं.

"या वेळी नाही, भाऊजी." "माझा अहवाल मी वेगळा लिहीन. कपाटाची दोन्ही पत्रं जोडून."

ती तडक खाली शिंप्याच्या बायकोपाशी गेली.

"धडधाकट माणूस आणला होता हो मी! झटका म्हणे. असा कसा येतो झटका?"

"झटका नव्हता, ताई. चुकीचं औषध दिलं गेलं. ते चुकून हाती येईल असं ठेवलं होतं आम्ही. ठाऊक असून."

बाई मागच्या बाकावर टेकली. मग म्हणाली, "कुणी दिलं? बोलवा तिला."

सिस्टर आली ती दारातच थबकली. रडून डोळे सुजलेले, मान खाली.

"शेवटी काही बोलले का गं ते?"

"नाही. हात धरला होता माझा घट्ट. मी... मी सोडला नाही."

बाईने तिच्याकडे पाहिलं, आणि बाकावर थोडी सरकून तिच्यासाठी जागा केली.