पाणगवताची फिन

मित्रांनो, मी एक जुनी, मागे झुकलेली फिन आहे. फिन म्हणजे काय, असे तुम्ही विचारणारच. फळीवर उभे राहून, हातात शीड धरून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जाणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. त्या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. फळीच्या पोटाखाली, मागच्या टोकाला एक पाते बसवलेले असते. ते नसेल तर फळी सरळ न जाता आडवी घसरते. ते पाते म्हणजे मी. माझे काम पाण्याखाली, त्यामुळे कौतुक सगळे शिडाचे. त्याचे मला काही वाटत नाही. आता कशाचेच फारसे वाटत नाही.

होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. त्याने मला मुद्दाम मागे झुकवले, म्हणजे पाणगवत माझ्यात न अडकता घसरून जावे. टपालाची गाडी चालवणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतले. त्याची लेक अग्निशमन दलात होती. बापलेक सुट्टीच्या दिवशी फळी घेऊन निघत. त्यांच्याकडे आणखी एक फिन होती. लांब, सरळ, वेगाची आणि तोऱ्याची. लेक मला ‘आजी’ म्हणायची.

बापाला टपाल वाटताना खाडीच्या काठाकाठाच्या सगळ्या वाटा पाठ झाल्या होत्या. कुठे गाडी उभी करता येते, कुठे काठ निसरडा आहे, कुठे वारा काठाला समांतर वाहतो, हे तो अचूक सांगे. जमिनीकडून पाण्याकडे ओढून नेणारा वारा असला की तो आल्या पावली परत फिरे. नव्या जागी तो आधी अनवाणी पाण्यात शिरायचा. छातीपर्यंत चालत जायचा आणि तळ पायांनी चाचपायचा. मग काठावर येऊन ठरवायचा, आज कोणती फिन. घरून फिन लावून निघायचे नाही, हा त्याचा नियम. लेक कुरकुरायची, “बाबा, तुमचं चाचपून होईपर्यंत वारा घरी जाऊन झोपेल.”

एकदा तिला अर्धाच दिवस सुट्टी मिळाली. वारा दुपारी पडणार होता. जागा ओळखीची होती, थंडीत तिथे स्वच्छ वाळू होती. बापाने घरीच लांब फिन लावली. मला पिशवीत टाकले, ते केवळ सवयीने.

आता उन्हाळा होता. बाप घोट्यापर्यंत पाण्यात गेला आणि थांबला. पुढे हिरवे गवत वर आले होते. पिशवी उघडी होती, म्हणून मला ते दिसले. फिन बदलायला एक स्क्रू आणि चार मिनिटे लागतात. त्याने घड्याळ पाहिले आणि म्हणाला, “जा. एकच फेरी मार.”

ती वेगात गेली. गवताने फिन धरली, फळी जागच्या जागी थांबली. तिचा पाय फळीवरच्या पट्ट्यात अडकलेला होता. गुडघा फिरला. बाप पोहत गेला आणि तिला घेऊन आला. मी पिशवीतच होते.

गुडघा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. आता ती आग विझवायला जात नाही, टेबलाशी बसून फोन घेते. फळी विकली गेली. मी स्वयंपाकघरातल्या खणात आले, जुन्या किल्ल्यांजवळ. लेक दर रविवारी येई आणि म्हणे, “गवत काय सांगून उगवतं का, बाबा? तुमची काय चूक?” तो मान हलवी आणि चहा ठेवी. हे सहा वर्षे चालले.

मागच्या रविवारी तो किल्ली शोधत होता. मी त्याच्या हाताला लागले. त्याने मला टेबलावर ठेवले आणि तिच्याकडे न बघता बोलला.

“मला गवत दिसलं होतं. चार मिनिटं वाचवली मी.”

तिने चहाचा कप खाली ठेवला.

“मलाही दिसलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “मी बोलले असते, तर तुम्ही मला पाण्यात जाऊ दिलं नसतं.”

चहा निवला. कोणी रडले नाही. थोड्या वेळाने तिने खुर्ची त्याच्या जवळ ओढली, एवढेच.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला गोड्या पाण्याने धुवा, असे मी सांगायला हवे. ते तर कराच. पण काठावर उभे असताना पाण्यात जे दिसेल, ते शेजारच्याला लगेच सांगा. वेळ जाईल किंवा जाता येणार नाही, म्हणून गप्प बसू नका.