जावयाकडे ठेवलेलं झाड

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो झाडांचा. गच्चीवर अकरा बोन्साय होती. ऑपरेशननंतर निदान दीड महिना त्यांना जिना चढता येणार नव्हता, आणि सासूबाईंनी आधीच बजावलं होतं की आपण एका माणसाचं करू, अकरा झाडांचं करणार नाही.

दहा झाडं बोन्साय क्लबातल्या दोन मित्रांनी वाटून घेतली. अकरावं म्हणजे सगळ्यांत जुनं, चौतीस वर्षांचं, बारीक खवल्यांसारख्या पानांचं जुनिपर. ते सासऱ्यांनी धाकट्या जावयाकडे द्यायचं ठरवलं. याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. जावई लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. त्याच्या घरात एकच मनीप्लांट होता, आणि त्यालाही बायको आठवणीने पाणी घालायची म्हणून तो तगून होता.

जावयाला मात्र बरं वाटलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात सासरे त्याच्याशी हवापाणी आणि रस्त्यावरची खोदकामं यापलीकडे फारसं बोलले नव्हते. ते पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावरही त्यांचं बोलणं पट्टीने आखल्यासारखं मोजकं असायचं. अशा माणसाने आपलं सर्वांत जुनं झाड आपल्या हाती द्यावं, याचा अर्थ जावयाने त्याच्या परीने लावला. घरी येताना त्याने गाडी इतकी सावकाश चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून दमले.

झाडाबरोबर दोन पानी सूचना होत्या, ड्राफ्ट्समनच्या ठसठशीत अक्षरात. सकाळचं ऊन, दुपारी सावली. दर आठ दिवसांनी कुंडी पाव वळसा फिरवायची. मातीत एक लाकडी काडी खोचून ठेवायची, रोज उपसून पाहायची. काडी कोरडी निघाली तरच पाणी घालायचं. जावयाने तो कागद गॅलरीच्या दाराला आतून चिकटवला आणि लिफ्टच्या तपासणीला जसा तक्ता भरतात तसा एक तक्ता त्याखाली लावला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो काडी उपसून बघायचा. काडी बहुतेक ओलीच निघायची. सव्वीस दिवसांत त्याने दोनदाच पाणी घातलं.

एकोणिसाव्या दिवशी बायको म्हणाली की झाडाचा रंग जरा उतरल्यासारखा वाटतोय. त्याला तसं काही दिसलं नाही. चोविसाव्या दिवशी त्यालाही दिसलं. हिरव्यावर राख भुरभुरावी तसं झालं होतं. सव्विसाव्या दिवशी एक पूर्ण फांदी तपकिरी पडली, आणि हात लावल्यावर तिची पानं चुरा होऊन मातीवर पडली.

फोनवर सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्या रविवारी तो स्वतः गेला. सासरे पलंगावर पाय लांब करून पडले होते. त्याने सगळं सांगितलं, तक्तासुद्धा दाखवला. सासऱ्यांनी तक्ता शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

"झाडं जातात," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

जेवताना विषय निघालाच. सासूबाई म्हणाल्या, हे झाड घरात आलं तेव्हा थोरली तीन वर्षांची होती. थोरली मेहुणी समोरच बसली होती. ती म्हणाली की भावोजींच्या हातून लिफ्ट बिघडली तर निदान ती मजल्यांच्या मधेच अडकून राहते, अशी राम म्हणत नाही. सगळे हसले, जावईही हसला. सासरे ताटाकडे बघून जेवत होते. पुढे दोन-तीन महिने हा विनोद घरात फिरत राहिला. कुणाला परगावी जायचं असलं की म्हणायचे, कुंड्या कुणाकडेही ठेवा, फक्त लिफ्टवाल्याकडे नको.

बायकोने ते वाळलेलं झाड टाकून द्यायला सांगितलं. त्याने टाकलं नाही. यंत्र बंद पडलं तर का बंद पडलं हे कळल्याशिवाय तो कधीच उठला नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी तो झाड कुंडीसकट घेऊन शहराबाहेरच्या नर्सरीत गेला.

नर्सरीवाल्या बाईंनी झाड पाहिलं आणि तुमच्याकडे किती दिवस टिकलं, असं विचारलं. त्याने सव्वीस सांगितले. मग मातीत खोचलेली काडी बघून ती कोरडी किती वेळा निघाली, हे विचारलं. त्याने दोनदा सांगितलं, तेही कडाक्याच्या उन्हात.

"म्हणजे हे पाणी पीतच नव्हतं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुनिपरचं मूळ मेलं तरी वर दीड-दोन महिने काही कळत नाही. फुलदाणीत खोचलेल्या फांदीसारखं ते हिरवं राहतं. जे दिसतं ते फार उशिरा दिसतं. बोलता बोलता त्यांनी कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढलं. माती नवी होती, खडबडीत, अजून बसलीही नव्हती. मुळांची टोकं कात्रीने कापलेली होती, काळी पडलेली, आणि एकालाही पांढरा कोंब फुटलेला नव्हता.

"ऐन उन्हाळ्यात मुळं धुऊन कापलीत," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही केलंत?"

"नाही."

त्याने तिथून एक वीतभर उंचीचं जुनिपरचं रोप विकत घेतलं, का ते त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं.

परत येताना आधी त्याचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातून काही झालं नव्हतं. मग राग आला, आणि तो राग झाडावरून नव्हता. गाडी सावकाश चालवत झाड घरी आणल्याचा तो दिवस त्याला आठवला आणि लाज वाटली. त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी पुसत उभी राहिली. बाबांच्या हातून असं होणार नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मी विचारू का, म्हणाली. तो म्हणाला, नको, मीच विचारतो.

सासूबाई बाहेर गेल्या होत्या तेव्हा तो गेला. सासरे आता काठी घेऊन चालत होते. गच्चीवर परत आलेल्या दहा झाडांपैकी एकाला ते खुर्चीत बसून तार गुंडाळत होते.

"बाबा," तो म्हणाला, "मुळं कधी कापली होती?"

तारेचा वेढा पुरा होईपर्यंत सासरे थांबले. मग पक्कड मांडीवर ठेवली.

"तुमच्याकडे द्यायच्या तीन आठवडे आधी."

पुढचं त्यांनी न विचारता सांगितलं. कुंडी दोन वर्षांपूर्वीच बदलायला हवी होती. गुडघ्यापायी राहून गेलं. ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा त्यांना वाटलं, आपण टेबलावरून परत येऊ न येऊ, निदान हे एक काम उरकून जाऊ. हंगाम चुकीचा आहे हे माहीत होतं. तरी केलं. दहा दिवसांत कळलं, कारण माती सुकेना.

"क्लबात तीस वर्षं सांगत आलो," ते म्हणाले, "की हंगाम सोडून मुळाला हात लावू नका. तिथल्या कुणाकडे दिलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी ओळखलं असतं."

"म्हणून माझ्याकडे."

"तुम्हाला कुणी दोष देणार नाही असं वाटलं. तुम्हाला यातलं कळत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं."

जावयाने वाटेत बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं राहिलं नव्हतं. तो म्हणाला, "घरात सांगा. क्लबाचं तुमचं तुम्ही बघा."

सासऱ्यांनी होकारार्थी मान हलवली.

पुढच्याच रविवारी, सगळे जेवायला बसले असताना, मेहुणीने पुन्हा लिफ्टचा विषय काढला. सासऱ्यांनी घास खाली ठेवला आणि झाड मी मारलं, जावईबापूंनी नव्हे, असं एका दमात सांगितलं. कसं, तेही सांगितलं. सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग जावयाच्या ताटात न मागता वाढलं. मेहुणीने नंतर स्वयंपाकघरात त्याची माफी मागितली. तो म्हणाला, विनोद तसा बरा होता.

क्लबात मात्र सासरे कधीच बोलले नाहीत. जावई पुढच्या वर्षी तिथे सभासद झाला, आणि चौतीस वर्षांचं जुनिपर घालवणारा म्हणूनच सगळे त्याला ओळखू लागले. कुंडी बदलायच्या हंगामात दोन-तीन म्हातारे त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे, नजर ठेवायला. त्याने त्यांना तसं समजू दिलं. यात मोठेपणा नव्हता. ते इतक्या बारकाईने बघायचे की फुकटात शिकायला मिळत होतं. सासरे त्या वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चहा घ्यायचे.

नर्सरीतलं रोप चौथ्या वर्षी जरा झाडासारखं दिसू लागलं. सासरे ते पाहायला मुद्दाम घरी आले. गॅलरीत स्टूल टाकून त्यांनी अर्धा तास चारी बाजूंनी पाहिलं, आणि सगळ्यांत खालची फांदी काढून टाका म्हणाले. ती वरच्या फांद्यांचा जोर खाते.

"राहू दे," जावई म्हणाला. "मला ती हवी आहे."

सासऱ्यांनी कारण विचारलं. त्याने सांगितलं. ते त्यांना पटलं नाही. चहा गार होईपर्यंत दोघं त्या फांदीवर वाद घालत बसले, आणि बायको दोनदा दारात येऊन परत गेली.