धुऱ्याचा दगड

मोजणीवाला उद्या येणार हे कळल्यापासून किशनरावांचा पाय घरात ठरेना. उत्तरेला कोंडाबाईचं रान. दर नांगरटीला तिकडचा धुरा, म्हणजे बांध, वीतभर कोरायचा आणि हद्दीचा दगड गुपचूप पुढं सरकवायचा, हा त्यांचा दहा वर्षांचा उद्योग. अन् त्या बाईनं सरळ सरकारी मोजणीच मागवली!

हदगावच्या शाळेत भूगोल शिकवणारी त्यांची लेक तनुजा चुलीवर दूध तापवत होती. किशनराव तिच्यामागं येरझाऱ्या घालत होते.

"पोरी, जमीन चालती म्हणतेत, खरं हाय का?"

"हाव बाबा. पृथ्वीच्या पोटात लई उष्णता हाय. तिच्यानं खालचा खडक हळूहळू फिरतो, अन् वरचा थर दुधावरच्या सायीगत सरकतो. आपला अख्खा देश हिमालयाला रेटत वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेला चाललाय."

'उत्तरेला' हा शब्द आला अन् किशनरावांना हवं ते गवसलं. पुढचं ऐकायला त्यांना दम कुठला!

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. दगड कोंडाबाईच्या हद्दीत सात फूट आत निघाला. किशनरावांनी छाती काढून सायीची सगळी कथा सांगितली. "दगड म्या न्हाई सरकवला. जमीनच चालून राहिली!"

कोंडाबाईनं पदर खोचला.

"चालू द्या की. पण तुमचं रान, माझं रान, ती बोर, ते लिंबाचं झाड, समदं संगंच चाललं असंल ना? मग ह्या एकट्या दगडालाच कसली घाई झाली होती, किशनराव?"