शेवटच्या गाठीला दात होते

मित्रांनो, त्या पावसात मुंगी हरवली. तसं काही झालंच नाही, हे आधीच स्पष्ट करते, कारण बालवाडीच्या ताईंनी आम्हा सगळ्यांना तसं बजावून ठेवलं आहे.

मी एक जुनी दोरी आहे. पूर्वी टेम्पोत कपाटं बांधायचे. सुखाची नोकरी होती. कपाट मध्येच चिखलात फतकल मारत नाही. पुढे मावशींनी मला बालवाडीत आणलं, गाठी मारल्या, त्यांवर रंगीत चिंध्या गुंडाळल्या. फिरायला निघालं की प्रत्येक मुलाने एकेक गाठ धरायची. ताई पुढे, मावशी मागे. "काही झालं तरी दोरी सोडायची नाही," हा तिथला एकमेव कायदा. पालक म्हणत, दोरी आहे म्हणून आम्ही निर्धास्त.

त्या दिवशी मावशी तापाने घरी होत्या. पावसाने कोंडलेली मुलं खडू खाऊ लागली, तेव्हा ताई त्यांना डबकी दाखवायला घेऊन निघाल्या. छत्रीमुळे मागचं दिसत नव्हतं. दोरी ताठ आहे म्हणजे सगळे आहेत, एवढाच त्यांचा हिशोब.

शेवटची गाठ मुंगीची. मुलांमधली ही सगळ्यांत लहान मुलगी. इस्त्रीच्या दुकानापाशी तिचा बूट रुतला आणि तो काढायला तिने मला सोडलं. माझं टोक चिखलात लोळत पुढे गेलं. वळणावर एका भटक्या कुत्र्याने ती गाठ तोंडात धरली आणि तो शिस्तीत रांगेत चालू लागला.

मी पुन्हा ताठ झाले. असा ताठपणा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. शेवटच्या गाठीला बोटं नव्हती, दात होते. मागे गाड्या भरधाव जात होत्या आणि पुढे ताई म्हणत होत्या, "शाब्बास, कोणी सोडू नका हं." मला ओरडता येत नाही. कुत्र्याने झटका दिला. एरवी मी तो सोसला असता. कपाटांच्या काळातली एक झिजलेली जागा होती, तिथे मी तुटले.

हातातली दोरी सैल पडताच ताई वळल्या. "हा कोण?"

"नवीन आहे," मुंगीच्या पुढची गाठ धरलेला जाड्या म्हणाला. "चावत नाही."

"मुंगी कुठे आहे?"

"ती मागेच राहिली. तुम्हीच म्हणालात, रांगेत बोलायचं नाही."

ताईंनी छत्री टाकली आणि कुत्र्यासकट सगळ्यांना घेऊन त्या मागे धावल्या.

मुंगी इस्त्रीच्या दुकानासमोर भिजत उभी होती. एका पायात बूट नव्हता. दुकानाच्या ताडपत्रीची लोंबती दोरी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"केव्हाचा सांगतोय, पोरी, आत ये," इस्त्रीवाले काका म्हणाले. "म्हणते, सोडायची नाही."

"ताई," मुंगी म्हणाली, "ही दोरी चालतच नाहीये."

ताई चिखलात बसल्या आणि रुतलेला बूट उपसू लागल्या.

आता मी खिळ्यावर असते. दोरी कुजकी निघाली, असा निकाल लागला. माझ्या जागी नायलॉनची आली आहे. ती म्हणे कधीच तुटत नाही. मला झोप लागत नाही.

मित्रांनो, ताठ दोरीवर विसंबू नका. मागे वळून बघत जा. तरी, वरील बाब विचारात घेऊन नवीन दोरीस हाक मारण्यापुरते एक तोंड तातडीने मंजूर करण्यात यावे. एका हाकेनंतर ते सुस्थितीत परत करण्यात येईल.