दिवा लागेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅश आहे आणि मला दम लागला आहे.

कॅमेऱ्याच्या अंगातच असतो तो चिमुकला फ्लॅश वेगळा, तो माझा कोणी लागत नाही. मी कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा, वेगळा विकत घ्यायचा, सेल खाणारा. कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटात वीज साठवणारा कपॅसिटर बसवला, माझी मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि पाठीवर एक इवलासा लाल दिवा लावून दिला. पोट भरलं की दिवा लागतो आणि मग मी लख्ख चमकतो. चमकलो की पोट रिकामं, दिवा विझलेला, आणि मी बारीक कुंई आवाज करत पुन्हा भरायला लागतो. त्याला काही क्षण लागतात. जास्त नाही, काही क्षणच! माझ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत हे ठळक छापलं होतं. माझ्या मालकाने ती पुस्तिका न उघडताच डगमगत्या कपाटाच्या पायाखाली सरकवली. ती अजून तिथेच आहे.

मालक खेळांचे फोटो काढतो. बटणावर बोट ठेवलं की उचलायचं नाही, अशी त्याची सवय. कॅमेरा खटखटखटखट करत राहतो आणि शंभरातला एक फोटो बरा निघतो. मैदानावर सगळे त्याला 'धडाधड' म्हणतात आणि त्याला त्याचा अभिमान वाटतो. मैदानात भरपूर ऊन होतं, माझी गरज नव्हती, तोवर आमचं बरं चाललं होतं. मग हॉलमधले बक्षीस समारंभ सुरू झाले आणि माझ्या मागे साडेसाती लागली.

सुरुवातीला नाव झालं, नाही असं नाही. एका मुलीने चषक उंचावला आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी असा उजळला की फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून आला. लोक म्हणाले, "काय झकास कॅमेरा आहे!" कॅमेरा म्हणे!

पण धडाधडचं बोट काही उठेना. पहिला फोटो लख्ख, दुसरा अंधुक, पुढचे सगळे काळेकुट्ट. मग हा माझ्या डोक्यात टपली मारून म्हणतो, "याच्यात दमच नाही!" ऐकलंत? हा माणूस मला दम देतो, मला दम घेऊ देत नाही, याला स्वतःला दम धरवत नाही, आणि दम नाही तो माझ्यात! बरं, लागोपाठ फोटो हवेच असतील, तर माझी ताकद कमी करून ठेवावी. मी थोडा थोडा चमकेन, साठा पुरवून पुरवून वापरेन. मधेच जरा निवू द्यावं. पण नाही. आमचे साहेब मला पूर्ण ताकदीवर ठेवणार, अर्धमेले सेल घालणार आणि बोट दाबून धरणार. तापून तापून माझ्या तोंडावरचं प्लॅस्टिक पिवळं पडलं आहे. एकदा तर भर समारंभात मी तापून आपोआप बंद पडलो, तेव्हा हा सगळ्यांसमोर माझीच लाज काढत होता.

आणि एका दुपारी त्याने घरातच कहर केला.

मालकाचे बाबा निवृत्त वाहतूक पोलीस. उभं आयुष्य चौकात उभे राहिलेले. मागे ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर धरून जेमतेम चालतात. आठवड्यावर दुसरं ऑपरेशन आलं होतं. त्यानंतर स्वतःच्या पायावर उभं राहता येईल का, यावर डॉक्टर नुसतेच "बघू" म्हणाले होते. म्हणून मालकाच्या आईंनी हट्ट धरला.

"आमचा दोघांचा उभ्याने काढलेला एकही फोटो नाही रे. जन्मभर हे ड्यूटीवर, आणि आता खुर्चीत. ऑपरेशनच्या आधी एक काढ."

दोघं खिडकीपाशी आली आणि बाबा तिथल्या खुर्चीत टेकले. मागून ऊन येत होतं, चेहरे अंधारात होते, म्हणजे इथे माझी पूर्ण ताकद खरोखरच लागणार होती. बाबांनी वॉकर सोडला, आईंच्या खांद्याचा आधार घेतला आणि ते हळूहळू उठू लागले. ते अजून कमरेत वाकलेले होते, तेवढ्यात या शहाण्याने बटण दाबलं! मी सगळा साठा ओतला आणि रिकामा झालो. मग कुठे बाबा ताठ झाले. हनुवटी वर करून त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा खटखटत होता आणि मी नुसता कुंई करत होतो. मला रडू येत असतं तर तेव्हा आलं असतं. बाबांना फार वेळ उभं राहवेना, ते पुन्हा खुर्चीत बसले.

पहिल्या फोटोत बाबा जमिनीकडे बघत वाकलेले. बाकीच्यांत खिडकीसमोर दोन काळ्या सावल्या.

"बाबा, परत एकदा. पटकन!" मालक म्हणाला आणि त्याने मला टपली मारली. "या डबड्यात दमच नाही."

आई फोटो बघायला त्याच्यामागे आल्या होत्या. "त्याला कशाला मारतोस? आणि हा आत्ता लागला तो दिवा कसला?"

"तो... फ्लॅश भरला की लागतो."

"म्हणजे दिवा लागायच्या आधीच निघालास तू?" खुर्चीतून बाबा धापा टाकत म्हणाले. "पोलिसाचा मुलगा ना रे? रंग कुठला त्याचा?"

"लाल."

"लाल दिव्याला निघायचं? काय उलटा कारभार आहे!"

आई खळखळून हसल्या. मालक मात्र हसला नाही. त्याने ड्रॉवरमधून नवे सेल काढले आणि मला घातले. मी पटकन भरलो.

"दिवा लागला, बाबा."

बाबांनी डोळे मिटले होते. त्यांनी फक्त पंजा वर केला, चौकात गाड्या थांबवायचे तसा. "माझा नाही लागला अजून."

आणि मित्रांनो, धडाधडने बोट उचललं. तो थांबला. मी भरलेला, गप्प, आणि खोलीत फक्त बाबांचा श्वास. तो हळूहळू शांत झाला. मग शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या आईंच्या खांद्याला धरून ते उठले, वाकलेले सरळ झाले, सरळचे ताठ झाले. मालकाने तरीही बटण दाबलं नाही. आईंनी पदर सारखा केला. बाबांनी वर धरलेला पंजा हलवून वाट मोकळी करून दिली. "हं, चल."

एकच खट्. होतं नव्हतं ते सगळं मी त्या दोघांच्या चेहऱ्यांवर ओतलं.

ऑपरेशन झालं. बाबा आता खुर्चीत बसूनच सगळ्या घराची वाहतूक सांभाळतात. पुन्हा ते उभे राहिले नाहीत. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर तो फोटो आहे, त्यात ते ताठ उभे आहेत आणि आई कॅमेऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत आहेत.

मालक सुधारला असेल, असं वाटतंय तुम्हाला? कसला सुधारतोय! समारंभात अजून बोट दाबून धरतो आणि माझ्या डोक्यात टपल्या मारतो. फक्त घरी, बाबांना खुर्चीतून पलंगावर न्यायचं असलं की त्यांच्यासमोर हात पुढे करून उभा राहतो आणि विचारतो, "बाबा, लागला दिवा?"

मित्रांनो, आम्हाला चांगले सेल घाला, तापलो तर निवू द्या, आणि पाठीवरचा दिवा बघून मगच बटण दाबा. माणसांच्या पाठीवर दिवा नसतो. त्यांना विचारावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.